सुहासचा कान

रविवारचे चार वाजायला आलेत. पराग बोरस्ते सोफ्यावर आडवा आहे. पोटात मटण, टीव्हीवर कुठल्या तरी दोन संघांची मॅच, हातातल्या मोबाईलवर रील्स. मनगटावरचं घड्याळ उठून चाला म्हणून सांगतंय आणि तो त्याला भीक घालत नाही. पाचला त्याला शर्वरीकडे जायचंय. शर्वरी म्हणजे सुहासची बायको. सुहास पगार, परागचा कॉलेजपासूनचा दोस्त, दोन महिन्यांपूर्वी जिममधून घरी आला, बूट काढायला खाली बसला तो उठलाच नाही. आता शर्वरी नाशिकचा फ्लॅट सोडून माहेरी धुळ्याला चाललीय. "सामान उद्या निघतंय. त्याचं काही हवं असेल तर आजच या, भाऊजी," असं तिने फोनवर सांगितलंय. येतो येतो म्हणत परागने आजवर टाळलं.

कारण साधं आहे. त्याला काही वाटतच नाही. भावकीतलं लांबचं कुणी गेलं तरी माणसाला सुतक असतं, चार लोक भेटायला येतात. मित्राचं सुतक नसतं. सुहास गेल्यावर चौथ्या दिवशी पराग दाढी सेट करायला सलूनमध्ये गेला, कारण वेळ घेतलेली होती. प्रोटीन पावडर चालू आहे, फँटसी टीम लावणं चालू आहे, झोपही लागते. आणि एक गोष्ट त्याने बायकोला, मुग्धालाही सांगितलेली नाही. त्याला सुहासचा चेहरा आठवत नाही. कान आठवतो. डावा, पाळीवर तीळ असलेला. जिममध्ये, सलूनमध्ये, सोफ्यावर, इतकी वर्षं दोघं शेजारी शेजारीच होते. समोरासमोर बसायची वेळ कधी आलीच नाही. जुने फोटो काढून बघितले, तर तो फोटोतला माणूस वाटतो.

मॅचमधला आरडाओरडा लांब जातो. गरम टॉवेलचा वास येतो आणि पराग सलूनच्या खुर्चीत मागे रेललेला आहे. शेजारच्या खुर्चीत सुहास.

"पऱ्या, पोट सुटलंय तुझं."

"तू गेलायस ना रे?"

"हो. म्हणून काय खोटं बोलू?"

पराग आरशात बघतो. सुहासच्या तोंडावर टॉवेल आहे, त्यातून वाफ निघतेय.

"काढ की तो टॉवेल."

"थांब, मुरू दे जरा."

पराग थांबतो. पायाखालचा पट्टा सरकायला लागतो. दोघं ट्रेडमिलवर धावतायत. जिमच्या काचेपलीकडे रस्ता असायला हवा, तिथे धरणाचं पाणी आहे, संथ, काचेच्या निम्म्यापर्यंत आलेलं. कुणाला त्याचं काही नाही. परागलाही नाही. तो मान वळवू बघतो.

"समोर बघ, पडशील," सुहास म्हणतो. त्याला दम लागलेला नाही.

"दुखलं का रे तुला?"

"कळलंच नाही भो. बुटाची नाडी सोडत होतो."

"मग मला का काही होत नाहीये?"

जिवंतपणी असलं काही निघालं की सुहास म्हणायचा, गेम लाव. आताही तेच म्हणतो, आणि ते सुहासच्या हॉलमध्ये बसलेत. दोघांच्या हातात कंट्रोलर, टीव्हीवर फुटबॉल, फरशीवर घोटाभर पाणी. चालू मॅच थांबवायची नाही हा त्यांचा कायदा. सुहासच्या लग्नाची बोलणी करायला पाहुणे दारात आले तेव्हाही त्याने थांबवली नव्हती. आत्ताही तो खेळतोय आणि परागला फक्त कान दिसतोय.

"सुहास, इकडे बघ ना."

"मॅच चालूय. गोल खाशील."

"खाऊ दे."

पराग थांबवायचं बटण दाबतो. मॅच थांबत नाही. तो अंगठा रुतेपर्यंत दाबतो, सगळा जीव लावून दाबतो.

"चीटिंग आहे ही, पऱ्या!"

खेळाडू जागच्या जागी थिजतात. सुहास वळतो.

रुंद कपाळ. एक भुवई दुसरीपेक्षा जाड. दाढीत शेवेचा तुकडा. डोळे हसरे आहेत, पण फार दमलेले. हे दमलेपण परागने कधी बघितलंच नव्हतं.

"बघितलंस?"

"हं."

"मग जा आता. शर्वरीचा खोळंबा नको."

"पराग, पाच वाजतायत. जातोयस ना?" मुग्धा टीव्ही बंद करत विचारते. मोबाईल खाली गालिच्यावर पडलाय. पराग उठून बसतो आणि उजवा हात उघडतो. अंगठ्याच्या पेरावर गोल, लालबुंद वळ आहे. मधोमध, कंट्रोलरच्या थांबवायच्या बटणावर असतात तशा, दोन उभ्या रेघा. घरात असलं बटण कशालाच नाही.

मुग्धा त्याचा हात हातात घेते. "अगबाई, हे कशाने झालं?"

"दुखतंय," पराग म्हणतो. दुसऱ्या हाताने वळ दाबून बघतो. खरंच दुखतं. पुन्हा दाबतो.

"अरे, दाबतोस काय? बर्फ आणू का?"

"नको. तू चल माझ्याबरोबर," तो म्हणतो. "मला एकट्याला नाही जमणार."

मुग्धा खाली त्याच्या समोरच बसते. आणि तिच्याकडे बघत, तोंड न लपवता, पराग रडायला लागतो.