अण्णांची ओ

हाक मारली की ओ द्यायची, हे अण्णांनी आम्हा भावंडांना चापट्या मारून शिकवलं. "तोंडात काय खिळे हायत का?" म्हणायचे. वडिलांची हीच शिस्त पुढे लातूरच्या एमआरआयच्या खोलीत आमच्या मुळावर आली.

अण्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. हृदयाचा किती भाग जिवंत आहे हे एमआरआयमध्ये दिसल्याशिवाय बायपासचं काही ठरणार नव्हतं. त्या नळकांड्यात पडल्यापडल्या पुन्हापुन्हा श्वास रोखायचा असतो, नाहीतर फोटो पुसट येतात. उदगीरहून पहाटेच्या एसटीने आम्ही आलो होतो.

काचेअलीकडून मशीनवरची मुलगी माइकमध्ये म्हणाली, "काका, श्वास सोडा. आता रोखून धरा."

"हाव बाई, धरलो," आतून आवाज आला.

"काका, बोलायचं नाही."

"न्हाई बोलत."

मी माइक घेऊन ओरडले, "अण्णा, ओ देऊ नका!"

"बरं."

मला रडावं की डोकं आपटावं कळेना. पाऊण तासाने त्या मुलीनेही हात टेकले. एकही फोटो धड नव्हता. पुढच्या आठवड्यात या, म्हणाली.

परतीच्या एसटीत मी अण्णांवर तोंड सोडलं. एवढं साधं कळत नाही का, तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, गप्प बसायचे काय पैसे पडतात? मागच्या सीटवरची माणसं ऐकत होती, तरी मी थांबले नाही.

"ते मशीनवरचं लेकरू एवढं मायेनं सांगायलंय," अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "गप कसं ऱ्हावं?"

मग उदगीर येईपर्यंत ते खरंच गप्प राहिले. त्याचाही मला रागच आला.

दोन दिवसांनी दुपारी जेवायला हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली. हातातलं ताट तसंच टाकून मी बाहेरच्या खोलीत धावले. अण्णा बाजेवर उताणे, डोळे मिटलेले, छाती हलत नव्हती. मी खांदा गदागदा हलवला.

त्यांनी एक डोळा उघडला, बोट वर करून मला थांबवलं आणि मग सावकाश श्वास घेतला.

"सराव करायलो की. वीस मोजून झालते."

मी तिथेच खाली बसले.

"घरात तरी ओ देत जावा, अण्णा."

"हाव."

"अण्णा," मी उगाचच पुन्हा हाक मारली.

"ओ," ते म्हणाले.