मामाच्या हाताचा फोटो

माझा मामा दाबलेल्या गवताची गाठ पाठीवर घेऊन निघाला की कर्जत स्टेशनातलं इंजिन वाट सोडून उभं राही. यातलं निम्मं खरं धरा. एका उन्हाळ्यात मालगाडीच्या वाघिणीत गाठी चढवताना वरची गाठ सुटून त्याच्या अंगावर आली, हे मात्र सगळं खरं.

उजवा हात मनगटावर मोडून लोंबत होता. कर्जतच्या डॉक्टरांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. डाव्या बरगडीखाली बोटं रोवली, तसा मामा घामानं निथळला. आमचा मुलूख हिवतापाचा. ज्याच्या त्याच्या पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजलेली. दणका बसला की फुटते.

"हाड थांबेल," डॉक्टर म्हणाले. "पोटात रक्त सुटलंय. मुंबईला न्या नि आधी पोट दाखवा. हाताच्या फोटोच्या नादी लागू नका. त्या यंत्राला हाडं दिसतात, रक्त दिसत नाही."

पोट दाखवलं की सुरी, हे मामानं ताडलं. वाटेत वाघ भेटला तर त्याच्याकडे तंबाखू मागणारा हा गडी सुरीला भ्यायला. गाडीत मला म्हणाला, "पोटाचं नाव काडू नको रं. हाताचा फोटू काडला की आपण मोकळं."

"मी काडनार पोटाचं नाव," शेजारी बसलेली मामी म्हणाली.

मुंबईच्या इस्पितळात तरुण डॉक्टरापुढे मामानं मोडका हात धरला.

"सायब, यांचं पोट बघा," मामी म्हणाली.

"माज्या पोटावर लई डोळा हाय तिचा," मामा हसला. "भाकऱ्या थापून दमली."

डॉक्टरही हसला. मी कर्जतचा निरोप सांगितला. पण ज्याचं पोट तोच नाही म्हणत होता. आधी हाताचा फोटो, असं ठरलं.

फोटो सुरेख आला. तो वाळेपर्यंत मामा बाकावर पांढराफटक पडला. पाणी मागू लागला, डावा खांदा दुखतो म्हणाला. मोठे डॉक्टर आले, पोटाला हात लावला, आणि फोटो न बघताच म्हणाले, "टेबलावर घ्या."

टेबलापर्यंत मामा पोचला. पुढे नाही.

जन्मात काढलेला त्याचा हा एकच फोटो. दिवसांना आलेले सोयरे तो उन्हाकडे धरून बघत, बोटांची हाडं मोजत. मीही त्या हाडांच्या चार थापा मारल्या. मामीनं फोटो एकदाच हातात घेतला, उलटापालटा केला.

"यांचं दुखत व्हतं," ती म्हणाली, "ते यात कुठं हाय?"