बॉनेटखालचं लिंबू

भाचीच्या लग्नाच्या सकाळी मी माझ्या गाडीला लिंबू-मिरची चुकीच्या जागी बांधली.

गाडी तशी दुसऱ्याने वापरून सोडलेली, पण आमच्या भावकीतली पहिली मोटार. नव्वदीचं दशक संपत आलं होतं आणि आमच्याकडे चारचाकी म्हणजे एकतर जीप, नाहीतर टेम्पो. त्यात मी पांढरी मोटार घेऊन जुन्नरहून बहिणीच्या दारात, अवसरी बुद्रुकला, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उतरलो. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा. तेव्हा उतरल्या उतरल्या जाहीर केलं, की नवरी येईल ती माझ्याच गाडीतून. दाजींनी तिच्यासाठी एक जीप सांगून ठेवली होती. ती मी वऱ्हाडाला देऊन टाकली, मोठ्या मनाने.

सकाळी गाडी धुतली, हार घातले. आता एवढी देखणी गाडी म्हटल्यावर दृष्ट लागणारच. लिंबू, मिरच्या आणि बिब्बा ओवलेला काळा दोरा मी जुन्नरहूनच आणला होता, टिकावा म्हणून तेलात चांगला बुडवलेला. मागच्या खेपेला बंपरला बांधलेल्या मिरच्या शेळीने खाल्ल्या होत्या, म्हणून या वेळी डोकं चालवलं. बॉनेट उघडलं. आत एक चपटी, विणलेल्या तारेची पट्टी इंजिनापासून बॉडीपर्यंत आलेली आणि बोल्टने आवळलेली दिसली. ती काही फिरत नव्हती, हलत नव्हती. मला ती अगदीच बिनकामाची वाटली. बोल्ट काढला, पट्टीखाली दोऱ्याचे चांगले वेढे घातले, गंजका बोल्ट बसेल तेवढा बसवला आणि लिंबू पुढच्या जाळीमागे लोंबतं सोडलं. शेळीचा बंदोबस्त झाला.

वऱ्हाड नारायणगावच्या कार्यालयाकडे निघून गेलं. मागे राहिलो आम्ही चौघं: बहीण, दाजी, शालू नेसलेली नवरी आणि मी. मुहूर्त दुपारचा होता, वेळ बेताचाच. नवरी मागे बसली. मी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. इंजिन ढिम्म.

दाजी म्हणाले, बॅटरी उतरली असणार. मी हॉर्न दाबला. तो असा खणखणीत वाजला, की शेजारचा ट्रॅक्टरवाला घराबाहेर आला. दिवे लावून किल्ली फिरवली, तर दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम होता. तरी ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर जवळ आणला, दोन जाड वायरी काढून त्याची बॅटरी माझ्या बॅटरीला जोडली. टक्. मग दाजींना सेल्फचा संशय आला. आमच्याकडे सेल्फवर संशय आला की त्याला पान्याने ठोकतात. तेही झालं. सेल्फने मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही.

मग गाडी ओढून चालू करायचं ठरलं. बंपरला दोर बांधला. ट्रॅक्टर निघाला, त्याच्याबरोबर बंपर निघाला, त्याच्यावरचे हारही निघाले. गाडी आणि मी होतो तिथेच राहिलो.

ट्रॅक्टरवाल्याने बंपर दोरासकट उचलून कडेला ठेवला आणि सरळ नवरीला विचारलं, "ताई, ट्रॅक्टरवर बसती का? गोणपाट आथरतो."

भाची गाडीतून उतरली. शालूचा घोळ एका हाताने वर धरला आणि शांतपणे म्हणाली, "आथरा."

बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आयुष्यात पहिल्यांदाच गाडी या विषयावर विचार करू लागलो. नवरी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून, मामा मागून बंपर घेऊन; हे चित्र कार्यालयाच्या दारात पोचलं असतं, तर माझा मान तिथेच संपला असता. मी हात जोडले, म्हटलं, "पाच मिनिटं थांब बाई."

दाजींना किल्ली फिरवत राहायला सांगितलं आणि मी बॉनेटमध्ये वाकलो. आधाराला हात टेकला तो अॅक्सिलरेटरच्या केबलवर, आणि चटका बसला. केबल तापली होती. इंजिन तर सकाळपासून गार. मग ही बिचारी दोरीएवढी केबल कशाने तापली?

आणि तिथे माझं डोकं पेटलं. गावात लाइट नीट येईना झाली, न्यूट्रल गेला, की आम्ही काय करायचो? अंगणात लोखंडी पहार ठोकायची, तिला वायर गुंडाळायची, बुडाशी बादलीभर पाणी ओतायचं, की घरातला बल्ब लागलाच. करंटला यायला वाट लागते, तशी परत जायलाही लागते. या गाडीतला करंट इंजिनापर्यंत येत होता. परत जायची त्याची वाट बंद होती, म्हणून तो या बारीक केबलमधून जीव मुठीत धरून परतत होता.

ट्रॅक्टरवाल्याच्या वायरींपैकी एक उचलली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला चिकटवलं. म्हटलं, "दाजी, मारा."

दाजींनी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात अशी गरजली, की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली. मी हात वर करून अंगणात अख्खी एक फेरी मारली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "लई भारी, पावणं." बहीणसुद्धा हसली.

आता वाट कुठे तुटली ते बघायचं होतं. वायर धरून तर नारायणगाव गाठता येणार नव्हतं. इंजिन बंद केलं, बॅटरीपासून शोधत शोधत आलो आणि माझ्याच काळ्या दोऱ्यापाशी थांबलो; करंटची परतीची वाट म्हणजे तीच बिनकामाची पट्टी. बॉनेटच्या आडोशाने तेलकट वेढे ओरबाडून काढले, पट्टी आणि बॉडी कानशीने घासून लख्ख केली, बोल्ट गच्च आवळला. लिंबू गुपचूप खिशात घातलं. मान वर केली, तर भाची शेजारीच उभी. तिने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसली.

मंचर, कळंब कधी गेलं कळलं नाही. बिनबंपरची गाडी हॉर्न वाजवत कार्यालयाच्या दारात शिरली, तेव्हा भटजी अक्षता वाटायला सांगत होते. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी नवरीच्या मागे उभा होतो, मामाने उभं राहायचं तिथेच, हातांना ग्रीस तसंच.

जेवणाच्या पंगतीत मी तापलेल्या केबलची हकिकत ओळीने सगळ्यांना सांगितली. अंगणातली पहार सांगितली, पहिला फटका सांगितला. लिंबू तेवढं सांगायचं राहिलं. नवरदेवाचे चुलते तर पानावरून उठून मला आपली जीप दाखवायला घेऊन गेले. तिचा एक दिवा लागत नव्हता. तोही मी लावून दिला. मग तर विचारूच नका.

पाठवणीच्या वेळी बहीण रडली, दाजी रडले, मीही रडत होतो. भाची पाया पडायला वाकली. मी तिला उठवून म्हटलं, परवा तुला माहेरी न्यायला मीच येणार.

तिने पदराने डोळे पुसले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मामा, एष्टीनं या. आन् एष्टीला काय बांधू नका."