काठावरून शिकवलेलं पोहणं

संपत गेल्याची बातमी मला नेपाळमधून कळली, आणि खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला रागच आला. सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पात अकरा वर्षं आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. त्याचं घोरणं, त्याची पथ्यं, त्याच्या इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची मुदत, सगळं मला पाठ. आणि फोन कुणाचा, तर दिलबहादूरचा! हा आमच्याच साइटवर परांची बांधणारा. सुट्टी घेऊन गावी गेला होता आणि तिथल्या नदीवर संपतची वाट बघत होता. सुट्टीच्या तिसऱ्याच दिवशी, आपल्या घरी सकाळचा चहा पिताना, संपतचं हृदय थांबलं. तो आता नदीवर येणार नाही, हे कळवायला वहिनींनी, संपतच्या बायकोने, आधी दिलबहादूरला फोन लावला... मला नाही.

संपत माणदेशातला, टँकरच्या रांगेत वाढलेला. मी दापोलीकडच्या किनाऱ्यावरचा, घरची होडी असलेला. त्यामुळे कॅम्पात पोहण्याचा तलाव झाला तेव्हा सगळे म्हणाले, "हसनभाई, आता तुमचं राज्य." मी नाही म्हटलं नाही. खरी गोष्ट अशी की मला पोहता येत नाही. लहानपणी होडीतून पडलो होतो, अब्बांनी केसांना धरून वर ओढलं. त्यानंतर मी गुडघ्यापलीकडे पाण्यात गेलेलो नाही. पण अब्बा गावातल्या पोरांना शिकवायचे ते सगळं कानावर होतं. तेच मी काठावर खुर्ची टाकून, हातात चहाचा कप घेऊन, अडतीस वर्षांच्या संपतला सांगू लागलो. मान सैल सोड, पाण्याशी भांडू नको, पाय कमरेतून मार. आणि गंमत म्हणजे तो शिकला! दोन महिन्यांत या टोकापासून त्या टोकाला जायला लागला. लोक मला उस्ताद म्हणू लागले. मी मिशीत हसायचो आणि आतून जळायचो.

एकदा काठावर वाकताना माझ्या खिशातला इकामा खोल पाण्यात पडला. इथे तो जवळ नसेल तर माणूस गेटबाहेर पडायला घाबरतो. सगळे माझ्याकडे बघत होते, मी पाण्याकडे. "सर्दी झालीय रे," मी म्हणालो. संपतने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं, बुडी मारली आणि कार्ड आणून हातात दिलं. त्या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही.

मग दिलबहादूरने त्याला आपल्या गावच्या नदीचं वेड लावलं. काली नदी, पलीकडे तिलाच महाकाली म्हणतात. दोनशे वर्षांपूर्वी गोरखे आणि कंपनी सरकार लढले, आणि लढाई संपल्यावर सरहद्द ठरली ती या पाण्यावर. संपत दर सुट्टीत आठवडाभर तिथे जायचा. घरी बायकोपोरं वाट बघत असताना हा रबरी तराफ्यात बसून उसळत्या पाण्यातून खाली यायचा, आणि परत आला की महिनाभर तेच पुराण.

"हसनभाई, उजवं वल्हं भारतात, डावं नेपाळात! हितं दर नाक्यावर इकामा दाखवा. तिथं लाट आली की सरहद्द वलांडली, कोन इचारत न्हाय बगा."

"ठेव तुझा तराफा तुझ्यापाशी," मी म्हणायचो आणि कूस बदलायचो. दिलबहादूर त्याच्या मागे बसून वल्हं मारतो हे ऐकलं की माझं जेवण कडू व्हायचं. पोहायला शिकवलं मी, आणि नदी त्याची!

दोन वर्षांपूर्वी तो एक केशरी लाइफ जॅकेट घेऊन आला आणि दाराच्या मागच्या खुंटीला अडकवलं. ते तो नदीवर कधीच नेत नसे, कारण तिथे वेगळं मिळायचं. रोज डोळ्यांसमोर दिसावं म्हणूनच टांगलंय, मला डिवचायला, असं मी धरून चाललो. "तुझ्यासारखे दोन मावतील यात," मी एकदा म्हणालो. संपत म्हणजे नुसता हाडांचा सापळा.

"असू द्या. लागंल कधीतरी."

यंदा निघताना बॅग उचलून तो दारात थांबला. "औंदा तरी चला की."

"तुला आणि तुझ्या नेपाळ्याला लखलाभ," मी म्हणालो. आमचं शेवटचं बोलणं ते.

तीन आठवड्यांनी सामान पाठवायचं म्हणून वहिनींना फोन केला. एकेक वस्तू सांगत गेलो. जॅकेटशी आलो तशा त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या भावजी. ते तुमच्याच मापाचं घेतलंय, म्हनले हुते."

फोन ठेवला आणि खुंटीवरून जॅकेट काढून अंगात घातलं. माझं पोट तुम्ही पाहिलेलं नाही, पण पट्टे त्या पोटाला बरोबर बसतील इतके आधीच सैल केलेले होते. तिन्ही बकलं पहिल्याच झटक्यात लागली. म्हणजे मला पोहता येत नाही, हे इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, त्याने हे निदान दिलबहादूरला तरी सांगितलं असणार, दोघं माझ्यावर हसले असणार. तसाच जॅकेट घालून पलंगावर बसलो आणि दिलबहादूरला फोन लावला.

"दिलबहादूर, मुझे तैरना नहीं आता."

तो हसला. त्यांच्यात थोरल्या भावाला दाइ म्हणतात. "मजाक मत करो हसनभाई. संपत दाइ तो हर बार नाव में बोलता था, मैं अपने उस्ताद का सिखाया हुआ तैरता हूँ."

मग विचारलं, "वो बैठता किधर था?"

"सबसे आगे. दाएँ."

"वो जगह किसी और को मत देना," मी म्हणालो.

हे छापून आलं की गावात हसतील, होडीवाल्याचा मुलगा आणि पोहता येत नाही म्हणून. हसोत. पुढच्या सुट्टीपर्यंत जॅकेट खुंटीवरच आहे. पट्टे मी बदललेले नाहीत.