वरच्या मजल्यावरची प्रार्थना

मी वर पाठवलेला काकूंचा डबा रोज भरलेला परत यायचा. मी झाकण उघडून बघायचे. भाकरी तशीच, भरीत तसंच, फक्त कडेने थोडं सुकलेलं. काका गेल्यापासून आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर त्या एकट्याच होत्या. मुलगी धुळ्याला. डॉक्टरांनी तपासलं, काही सापडलं नाही. मुलीने मला फोनवर विचारलं, "ती जेवते तरी का?" मी म्हटलं, बघते.

कारण विचारायला मी सरळ वर गेले. काकू निवृत्त शिक्षिका. माझ्याशी नेहमी शाळेतल्यासारखं स्वच्छ मराठी बोलायच्या. अहिराणी फक्त काकांसाठी राखून ठेवलेली. म्हणाल्या, "अगं, प्रार्थना झाल्याशिवाय आमच्याकडे जेवण नाही. आणि प्रार्थना पुरीच होत नाही."

ते मला माहीत असायला हवं होतं. जळगावात या इमारतीत राहायला आल्यापासून रोज संध्याकाळी कणीक मळताना मी वरून ते ऐकत होते. काका बायबलमधलं एक वचन वाचायचे, काकू पुढचं. पुन्हा काका, मध्येच खोकत, पुन्हा काकू. काही वर्षांपूर्वी काकूंची नजर गेली तरी ते थांबलं नाही, कारण तोवर त्यांची वचनं तोंडपाठ झाली होती. त्यांची, म्हणजे फक्त त्यांच्या वाट्याची. काकांची नुसती कानांवर पडायची, जिभेवर कधी बसली नाहीत. आता काकूंकडे प्रत्येक स्तोत्र अर्धंच उरलं होतं. दुसरं वचन तयार, पण पहिलं म्हणायला कोणी नाही.

इमारतीतली वीजबिलं, गॅसची नोंदणी, रेल्वेची तिकिटं मीच मोबाइलवर करते. त्यामुळे मला उपाय लगेच सुचला. वाचून दाखवणारं ॲप. मी बायबल कधी उघडलेलं नव्हतं. मोबाइलवर शोधल्यावर एवढी ॲप्स निघाली की मी आधी कागद घेतला आणि काय काय हवं ते लिहिलं: मराठी हवं, आवाज हवा, नेट गेलं तरी चालायला हवं, जाहिराती नकोत.

पहिल्या ॲपने दोन वचनं झाल्यावर पत्त्यांच्या खेळाची जाहिरात लावली. काकूंनी हात जोडलेले होते, ते तसेच राहिले. ते काढलं. दुसऱ्याचा आवाज गोड होता, पण भाषांतर नवं. काकूंचे शब्द जुने, दोन्हींची सांगड बसेना. तिथे मी शिकले की बायबलचं ॲप निवडताना आधी विचारायचं, घरात कुठलं भाषांतर वाचतात. तिसऱ्यात जुनं भाषांतर मिळालं. पुरुषाचा खणखणीत आवाज, नेटशिवाय चालणारं. कागदावरच्या सगळ्या खुणा झाल्या. मी खूश.

काकू खुर्चीच्या टोकाला येऊन बसल्या. पहिलं वचन झालं. त्यांनी तोंड उघडलं, तोवर तो माणूस दुसरं म्हणून तिसऱ्यावर गेलेला. पुढच्या वेळी त्यांनी घाई केली, तरी तो पुढेच. शेवटी त्या मिटलेल्या ओठांनी ऐकत राहिल्या.

"हा श्वास घेत नाही का गं? माझा वाटाही तोच खातोय."

त्या दिवशीही डबा भरलेलाच परत आला.

मी मोबाइलच्या दुकानात गेले. एक सोडून एक वचन वाचणारं काही आहे का, म्हणून विचारलं. दुकानदार हसायला लागला. "मॅडम, असं ॲप कोण बनवेल? तुम्हीच वाचा ना, शिकलेल्या आहात!"

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अख्ख्या इमारतीची बिलं भरतेस, आता प्रार्थनाही तूच भरणार?"

मी हसण्यावारी नेलं, पण मला ते वाचणं नको होतं. धर्म माझा नाही, ही अडचण छोटी. ती जागा काकांची होती, ही मोठी.

तरी चौथं ॲप घेतलं. अगदी साधं. आवाज नाही, जुनं भाषांतर, मोठी अक्षरं, प्रत्येक वचन नव्या ओळीवर. वर गेले. मी डावीकडे स्टूल ओढलं तर काकू म्हणाल्या, "तिथे नको, मला उजव्या कानानेच ऐकू येतं." त्यांच्या उजवीकडे काकांची खुर्ची होती. मी बसले. बाहेर उजेड होता, खोलीत नव्हता. काकूंना दिव्याची गरज उरली नव्हती आणि लावायचं मला सुचलं नाही.

मी पहिलं वचन वाचलं आणि थांबले.

शांतता एवढी झाली की मला वाटलं, चुकलं. मग काकूंचं दुसरं वचन आलं, संथ, एकही शब्द न अडखळता. मी तिसरं वाचलं. चौथं आलं. माझं वचन संपून त्यांचं सुरू व्हायच्या आत प्रत्येक वेळी थोडी रिकामी जागा राहायची, आणि दर वेळी वाटायचं की ती रिकामी नाही. पाचव्याच्या आधी माझा घसा आपोआप खाकरला गेला. मला खोकला नव्हता. काकूंनी मान माझ्याकडे वळवली.

"आज खोकला कमी शे," त्या म्हणाल्या.

मी पुढचं वचन वाचलं, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. स्तोत्र संपलं. काकूंनी प्रार्थना केली, उठल्या, चाचपडत दोन ताटं मांडली.

"आते बसूत ना जेवाले?"

'काकू, मी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. माझी आई धुळ्याकडची, अहिराणी मला समजते. मी म्हटलं, "बसूत."

काकू सगळी भाकरी जेवल्या. मीही जेवले.

तेव्हापासून रोज जाते. दिवसा त्या मला "पोरी" म्हणतात, शुद्ध मराठीत दूधवाल्याची तक्रार सांगतात. संध्याकाळी ते थोडे क्षण काय असतात, ते मी त्यांना विचारलेलं नाही. त्यांना ठाऊक असतं की मी मी आहे? बहुतेक असतं. खात्री करून घ्यायची हिंमत नाही.

गेल्या महिन्यात मुलगी त्यांना आठवडाभर धुळ्याला घेऊन गेली. मी ते ॲप तिच्या मोबाइलवर टाकून दिलं, नातीने कुठली वचनं वाचायची ते समजावलं. पहिल्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. मागे ताटांचा आवाज होता.

"प्रार्थना छान झाली गं. पण आई ताटावर नुसती बसून आहे. म्हणते, आधी फोन करून विचार, तिकडे ते जेवले का."

मी अजून जेवले नव्हते. फोन तसाच कानाला धरून स्वयंपाकघरात गेले, टोपलीतली भाकरी मोडली, घास तोंडात घातला, चावून गिळला.

"सांग त्यांना," मी म्हटलं, "जेवताहेत."

पलीकडे मुलीने आईला तसंच सांगितलं.