डावीकडचं भूत

“ताई, ह्याच्यात मी कुटं हाय?”

नाटक संपलं होतं. लोणावळ्यातल्या माझ्या स्टुडिओत, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, हिरामावशी स्क्रीनकडे बघत बसल्या होत्या. शेजारी त्यांची सून वंदना. दोघी जवळच्या भाजे गावाहून मुद्दाम आलेल्या. वंदनाने हसू दाबलं. “आत्या, दुसरं कुटलं तरी नाटक आसंल,” ती म्हणाली. मावशी पुन्हा स्क्रीनकडे वाकून बघू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

माझं काम जुन्या टेप स्वच्छ करण्याचं. ओरखडे, खरखर, उडालेले रंग, सगळं दुरुस्त करून द्यायचं. हे नाटक टीव्ही नवा होता त्या काळातलं. धड विज्ञानकथा नाही, धड भुताची गोष्ट नाही, दोन्हीची मिसळ. एक शास्त्रज्ञ बंगल्यावर नवी अँटेना लावतो आणि शेवटी टीव्हीत त्याच्या आजारी बायकोशेजारी एक फिकट बाई दिसते. शूटिंग लोणावळ्यातल्याच तुंगार्लीच्या एका बंगल्यात झालेलं. मूळ टेप कुठेच उरलेली नाही. पुढे कधीतरी नाटक पुन्हा दाखवलं, तेव्हा बंगल्याच्या मालकांनी घरच्या टीव्हीवरून रेकॉर्ड केलेली एकच कॅसेट आता सापडली.

हिरामावशी तेव्हा त्या बंगल्यात कामाला होत्या. ठरलेली नटी आली नाही म्हणून दिग्दर्शकाने त्यांनाच उभं केलं. गावात टीव्ही नव्हता, त्यामुळे मावशींनी ते नाटक कधी पाहिलंच नाही. “मी टीव्हीत होते,” असं त्या जन्मभर सांगत राहिल्या आणि घरचे जन्मभर हसत राहिले. कॅसेट सापडून माझ्याकडे साफ झाल्याचं कळताच त्या वंदनाला घेऊन थेट माझ्या दारात. आज दाखवूनच द्यायचं होतं त्यांना.

“मावशी, तुमचं काम होतं तरी कशाचं?” मी विचारलं.

“भुताचं की! त्या बाईसारकीच साडी नेसवली मला. म्हनले, तिच्या शेजारी फिकट दिसशील. फकस्त तिच्या आदी हात वर करायचा.”

मी कपाळावर हात मारला.

त्याचं कारण सांगते. आमच्या धंद्यात भूत असतंच. त्याला ‘घोस्ट’ म्हणतात. सिग्नल डोंगरावर आपटून थोडा उशिरा अँटेनात शिरला की पडद्यावर माणसाच्या बाजूला त्याचीच फिकट आकृती उमटते. आमच्याकडे डोंगरांना काय तोटा! कॅसेटभर घोस्टच घोस्ट. आमच्या कंपनीचे गोखले सर म्हणाले होते, “सगळे घोस्ट काढा. एकही दिसता कामा नये.” मी सॉफ्टवेअर लावलं. त्याने एकूण एक फिकट आकृती वेचून काढली. शेवटी तो शास्त्रज्ञ टीव्हीत बायकोशेजारच्या रिकाम्या भिंतीकडे बघून ढसाढसा रडतो, तेव्हा मला वाटलं, नाटक प्रायोगिक असेल.

मी साफ न केलेली कॅसेट पुन्हा लावली. सगळे घोस्ट माणसांच्या उजवीकडे होते. चित्र डावीकडून उजवीकडे आखलं जातं, म्हणून उशिरा आलेलं ते उजवीकडे सरकतं. शेवटच्या प्रसंगात मात्र एक आकृती डावीकडे होती. उशिरा नव्हे, आधी आलेली! नाटकाची सगळी गंमत तिथेच होती. ते भूत मेलेल्या बाईचं नव्हतं. ती शास्त्रज्ञाची बायकोच होती, पुढच्या वर्षांतली, बरी होऊन आलेली. म्हणूनच साडी तशीच आणि हात आधी वर.

मी सरांना फोन लावला.

“सर, एक घोस्ट परत घालावा लागेल.”

“अहो, क्लायंट म्हणेल भूत राहिलंय.”

“नाटक भुताचंच आहे, सर. भुताशिवाय त्यात उरतं काय?”

पलीकडे हसू. “घाला. आणि कोण आहे ते भूत, त्यांचं नाव शेवटी टाका.”

सॉफ्टवेअर बाजूला ठेवून तो प्रसंग हाताने साफ केला. उजवीकडचं काढायचं, डावीकडच्याला धक्का लावायचा नाही. डोळे दुखले, पण इतकं मन लावून मी कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं.

पुढच्या खेपेला भाजे गावाहून मावशींचं अख्खं घर आलं. खोलीत बसायला जागा उरली नाही. शेवटचा प्रसंग आला. पलंगावरच्या बाईच्या डावीकडे तिच्यासारख्याच साडीतली एक फिकट, तरणीताठी बाई उभी राहिली. तिने आधी हात वर केला. मग पलंगावरच्या बाईनेही केला. शास्त्रज्ञ ढसाढसा रडू लागला. आता तो का रडतो ते कळत होतं.

वंदना उठून स्क्रीनजवळ गेली. “आत्या, ह्या तुमीच की!”

“मंग?” मावशी म्हणाल्या. “इतकी वर्सं काय सांगत हुते?”

तेव्हापासून मी एक शिस्त पाळते. टेप आली की आधी नाटकाची गोष्ट समजून घेते, मग भुतं काढते.