नव्या प्रयोगशाळेत पाकच राहिला

माझ्या थोरल्या नणंदेला सगळे बाटलीबाई म्हणत. रसायनशास्त्र शिकून वन्सं इस्पितळामागच्या एका खोलीत औषधे करू लागल्या, तेव्हा आमच्या ओळखीत असे काम करणारी दुसरी बाई नव्हती. जुनाट तापावरच्या एकाच औषधामागे त्यांनी अकरा वर्षे घालवली. माझे अक्षर बरे, म्हणून त्यांच्या नोंदी मी उतरवून देत असे.

औषध हाताशी आले आणि त्यांना नवी प्रयोगशाळा मिळाली. वन्संनी जुनी एक बशीही बरोबर घेतली नाही. "सगळं कोरं करकरीत हवं!"

आणि तिथेच घोडे अडले. जुन्या खोलीत दोन तासांत औषधाचे साखरेसारखे स्फटिक धरत. इथे तीन आठवडे नुसता चिकट पाक. बर्फात ठेवला, काचेच्या कांडीने भांडे आतून खरवडले, काही नाही.

इस्पितळाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "पाक मी कुणाच्या शिरेत सोडणार नाही. शुक्रवारी सकाळी शुद्ध स्फटिक द्या, नाहीतर हे बंद. वॉर्डात आठ जण तापानं फणफणलेत."

गुरुवारी दुपारी भांडी धुणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, "तिकडं मेली पांढरी भुकटी पुसून जीव जायचा. इथं बघा, धूळ नावाला नाही."

वन्सं ताडकन उठल्या. "मावशी, तुमच्या तोंडात साखर! अहो वहिनी, पहिला कण बघूनच बाकीचे धरतात. तिकडं तो हवेतच होता, आणि मी शहाणी सगळं मागं टाकून आले!"

त्या धावत सुटल्या, मी मागे. जुन्या खोलीत रंगारी भिंती खरवडत होता.

"हात थांबवा!"

"काय झालं बाई, भिंत पडतेय का?"

"पडली तर पडू दे, झाडू लावू नका!"

तीन भिंती साफ झाल्या होत्या. खिडकीची वरची चौकट तेवढी राहिली होती. वन्सं स्टुलावर चढल्या, केसातला आकडा काढला आणि चिमूटभर भुकटी माझ्या कागदावर खरवडली. परत येताना मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

एक कण पाकात पडला. क्षणभर काहीच नाही. मग त्याच्याभोवती पांढऱ्या सुया फुटल्या, पसरल्या, भांडे भरले!

"वहिनी, धरलं! धरलं हो!" वन्संनी मला गदागदा हलवले. मग ते पुन्हा विरघळवून, गाळून, स्वच्छ स्फटिक केले. शुक्रवारी डॉक्टरांनी कसून तपासले आणि एकच शब्द बोलले, "सुरू."

पाचव्या दिवशी पहिल्या खाटेवरच्या शिंपीणबाईंचा ताप उतरला. वन्संनी विचारले, "कसं वाटतंय?"

"तुमच्या इस्पितळातला चहा अगदीच पाणचट आहे," त्या म्हणाल्या.

वन्सं इतक्या मोठ्याने हसल्या की नर्सने त्यांना वॉर्डाबाहेर काढले.